जाड काच: लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांची शिल्पं आणि आपल्याकडचा कंदील

इन्स्टाग्रामवर काचकाम शोधलं की बहुतेक वेळा एकच दृश्य समोर येतं. लांब लोखंडी नळी, तिच्या टोकाला नारिंगी गोळा, नळी फिरवत फुंकणारा कारागीर, आणि अर्ध्या मिनिटात तयार झालेली फुलदाणी. बघायला मजा येते, मीही तासन्‌तास बघितलंय. पण विसाव्या शतकातल्या ज्या दोन काचशिल्पकारांबद्दल मला लिहायचंय, त्यांच्या कामाचं असं रील होणं कठीण आहे. त्यांच्या कामातला सर्वांत लांब टप्पा म्हणजे बंद भट्टीत काच थंड होत राहणं. कधी काही आठवडे, कधी काही महिने. तेवढा काळ कॅमेऱ्याला दिसण्यासारखं काहीच घडत नाही.

स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की (१९२१-२००२) आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा (१९२४-२०२०) हे ते दोघं. देश तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया, गाव झेलेझ्नी ब्रोद. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून लिबेन्स्कींच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळपास पंचेचाळीस वर्षं, दोघांनी एकत्र काम केलं आणि ते दोघांच्या नावावर राहिलं. जगात स्टुडिओ ग्लास म्हणून जी चळवळ ओळखली जाते, तिच्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या कामांत त्यांची शिल्पं धरली जातात.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. काच म्हणजे पारदर्शक, नाजूक, चकचकीत असं आपण धरून चालतो. या दोघांनी काचेला जाडी दिली आणि त्या जाडीला बोलायला लावलं. त्यांच्या शिल्पात बघण्याची गोष्ट पृष्ठभागाच्या आत असते. हे त्यांना कसं जमलं, त्याची किंमत काय होती, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत वाढलेल्या माझ्यासारख्याला त्याचं काय, एवढं या लेखात मांडायचंय. एक गोष्ट आधीच नोंदवतो. ही शिल्पं मी फोटोंत, व्हिडिओंत आणि पुस्तकांत बघितली आहेत. त्यामुळे पुढचं वाचन मुख्यतः त्यांच्या रचनेचं आणि घडणीचं आहे.

आपल्या घरातली काच

आमच्या भागात काच म्हटलं की जुन्या लोकांना तीन गोष्टी आठवतात. बांगड्या, माडिया-गोंड बायकांच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा, आणि कंदील. गडचिरोलीच्या आतल्या गावांत वीज उशिरा पोचली, त्यामुळे कंदील बराच काळ टिकला. कंदिलाची काजळलेली काच चुलीतल्या राखेनं पुसायची आणि तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, हे दोन नियम माझ्या आजीला पाठ होते. थेंब पडला की काच तडकते. असं का होतं ते पुढे येईल, कारण लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांचं सगळं काम त्याच कारणाशी झगडत उभं राहिलं आहे.

यातले मणी आणि बांगड्या आपल्याला थेट त्यांच्या गावाजवळ नेतात. पहिल्या महायुद्धाआधी भारतात येणाऱ्या काचेच्या मण्यांचा आणि बांगड्यांचा मोठा हिस्सा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून येत असे, आणि त्या धंद्याचं केंद्र होतं बोहेमियातलं याब्लोनेत्स, ज्याला तेव्हा गाब्लॉन्झ म्हणत. झेलेझ्नी ब्रोद तिथून अगदी जवळ आहे. म्हणजे ब्रिख्तोव्हा ज्या काचेच्या मुलखात जन्मल्या, त्या मुलखाचा माल त्यांच्या जन्माआधीच आपल्या बाजारांत येऊन गेला होता.

या आयातीला उत्तर द्यायचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड उभा राहिला, आणि लोकांकडून एकेक पैसा गोळा करून त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. परदेशात काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. माल बनवण्याबरोबरच काचेचे जाणकार तयार करणं, हा त्याचा हेतू होता. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ कारखाना काढला, त्या जागेचं नाव ओगलेवाडी पडलं, आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला.

ओगल्यांच्या कंदिलाची काच आणि लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांचं शिल्प ही काचेची दोन टोकं आहेत. कंदिलाची काच जितकी पातळ आणि एकसारखी, तितकी चांगली. तिच्यातून ज्योत दिसावी, ती स्वतः दिसू नये. शिल्पातली काच याच्या बरोबर उलट वागते. ती उजेड अडवते, आत मुरवते आणि बदलून बाहेर सोडते.

कोळसा आणि माती

दोघांची भेट झाली ती एका काचशाळेच्या गावात. झेलेझ्नी ब्रोदची काचशाळा १९२० मध्ये सुरू झाली. ब्रिख्तोव्हांचे वडील यारोस्लाव्ह ब्रिख्ता तिथले सुरुवातीपासूनचे शिक्षक. काचेच्या छोट्या छोट्या गमतीदार बाहुल्यांसाठी ते प्रसिद्ध होते. साच्यात काच वितळवून शिल्प करता येईल का, याचे प्रयोग बाप-लेकीनं चाळीसच्या दशकात सुरू केले. १९५० पासून ब्रिख्तोव्हा तिथल्या सरकारी काच कारखान्यात वास्तुकलेसाठी लागणाऱ्या काचेचा विभाग सांभाळत होत्या. लिबेन्स्की चित्रकार. १९५४ च्या सुमारास ते त्या शाळेचे संचालक म्हणून आले. ब्रिख्तोव्हांनी त्यांचं एका वाडग्याचं रेखाटन बघितलं. वाडगा असा की त्याच्याच आकारात माणसाचं डोकं घडवलेलं. हे मी मातीत करून बघू का, असं त्यांनी विचारलं. तिथून काम सुरू झालं. १९६३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

कामाची वाटणी ठरलेली होती. लिबेन्स्की कागदावर कोळशानं किंवा शाईनं मोठी रेखाटनं करत. त्यात रेषेपेक्षा छाया जास्त असे: कुठे काळं, कुठे करडं, कुठे उजेड. ब्रिख्तोव्हा ते बघून मातीत घन आकार घडवत. मग मातीवरून प्लॅस्टरचा साचा, साच्यात काचेचे तुकडे, साचा भट्टीत. काच वितळून साचा भरते, थंड होते, साचा फोडतात, आणि मग घासकाम आणि पॉलिश.

आमच्या धंद्यात अशी वाटणी सगळीकडे असते. एक जण डिझाईन करतो, दुसरा कोड लिहितो, आणि डेमोच्या दिवशी टाळ्या बहुतेक पहिल्याला मिळतात. लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांच्याबद्दल वाचताना मी म्हणूनच एक गोष्ट शोधत होतो. ब्रिख्तोव्हा फक्त अंमलबजावणी करत होत्या का? माझं उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे, आणि त्याचा पुरावा चरित्रात शोधायची गरज नाही, तो शिल्पात आहे. कागदावर काळा ठिपका काढणं सोपं असतं. काचेत तो काळेपणा कुठून आणायचा? काच रंगवत नाहीत. एका शिल्पात सहसा एकाच रंगाची काच असते. काळं हवं तिथे काच जाड ठेवायची, उजेड हवा तिथे पातळ करायची. म्हणजे लिबेन्स्कींच्या प्रत्येक छायेचं सेंटिमीटरमध्ये भाषांतर ब्रिख्तोव्हांच्या बोटांनी केलेलं आहे. माती तर अपारदर्शक. काच झाल्यावर उजेड कुठून कसा जाईल, हे त्यांना ती न बघताच ठरवावं लागे. या शिल्पांतलं सर्वांत अवघड काम मला हेच वाटतं.

जाडीचा रंग

यामागचं गणित बारावीच्या विज्ञानातलं आहे. समजा, एका रंगीत काचेचा एक सेंटिमीटर थर निम्मा उजेड शोषतो. मग दोन सेंटिमीटरमधून पाव उजेड येईल, तीनमधून एक-अष्टमांश. पाच सेंटिमीटरला उरतो बत्तिसावा भाग, साधारण तीन टक्के. जाडी एकेक पायरीनं वाढते, पण उजेड दर पायरीला निम्मा होत जातो. म्हणून जाड शिल्पात मातीच्या अंगठ्याएवढ्या फरकानंही रंग बदलतो. एकच लाल काच कडेला नारिंगी दिसते, मध्ये रक्तासारखी, आणि पोटात जवळपास काळी.

१९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनातल्या त्यांच्या कामात हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं. काँक्रीटच्या भिंतीत बसवलेले काचेचे ठोकळे, आणि त्यांत आदिमानवाच्या गुहाचित्रांची आठवण करून देणारे प्राणी. हे प्राणी ठोकळ्याच्या मागच्या बाजूनं आत कोरलेले, म्हणजे खोलगट आहेत. समोरून बघणाऱ्याला मात्र ते काचेच्या पोटात तरंगताना दिसतात. जिथे पोकळी आहे तिथे काच कमी, उजेड जास्त, आणि डोळा त्या उजेडालाच प्राण्याचं शरीर समजतो. दगडात शिल्पकार नको असलेला भाग काढतो आणि उरलेला दगड म्हणजे आकार. इथे जो भाग नाही, तोच आकार म्हणून दिसतो. या कामाला तिथे सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

१९६७ मध्ये माँट्रियलला त्यांची अमूर्त शिल्पं गेली. अमेरिकेत तेव्हा स्टुडिओ ग्लास नुकतीच रांगायला लागली होती. हार्वे लिटलटन यांनी १९६२ मध्ये टोलेडोच्या कला संग्रहालयात दोन कार्यशाळा घेऊन दाखवलं होतं की कारखान्याबाहेर, छोट्या भट्टीवर, एकटा कलावंतही काच वितळवू शकतो. त्या पिढीची बरीचशी कामं हातात मावतील अशी फुंकलेली भांडी होती. माँट्रियलला त्यांना दिसलं की काचेचं माणसाहून मोठं, घन शिल्प होऊ शकतं. पुढे जगप्रसिद्ध झालेला डेल चिहुली १९६९ मध्ये या दोघांना भेटायला गेला होता.

त्यांच्या सगळ्या कामांतून एकच निवडायला सांगितलं तर मी १९९३ चं 'लाल पिरॅमिड' निवडेन. आकार इतका साधा की शाळेतल्या मुलानं काढावा. पण बघणारा एक पाऊल सरकला की आतला काळोख जागा बदलतो, कड पेटते, मघाशी दिसलेली खोली सपाट होते. पिरॅमिड आपण इजिप्तमुळे ओळखतो: दगडाचा, बंद, आत मेलेला राजा. इथे पिरॅमिडच्या आत कोणी नाही, फक्त उजेडाचं कमी-जास्त होणं आहे, आणि तरीही आत कुणीतरी असल्याचा भास जात नाही. त्याच दशकातल्या 'पिरॅमिडचा हिरवा डोळा'मध्ये हा भास उघड बोलून दाखवला आहे, आणि म्हणून मला तो किंचित कमी आवडतो. डोळा दाखवला की बघणाऱ्याला शोधायला काही उरत नाही.

थंड होण्याचं वेळापत्रक

आता कंदिलाच्या काचेवरचा पाण्याचा थेंब. काच उष्णता फार हळू वाहून नेते. थेंब पडतो तिथला भाग एकदम थंड होऊन आक्रसतो, शेजारचा गरमच राहतो. दोन्हींमधली ओढाताण काचेला सोसत नाही. पातळ काचेत हा धोका फक्त अशा अपघातात असतो. जाड काचेत तो रोजचा असतो, कारण ती नुसती थंड होतानासुद्धा बाहेरून आधी आणि आतून नंतर थंड होते. घाई केली तर ताण आत अडकून बसतो. शिल्प भट्टीतच फुटतं, किंवा नंतर कधीतरी, कुणी हात लावला नसतानाही.

म्हणून साधारण पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास, काच घट्ट झालेली असते पण ताण अजून सैल होऊ शकतो, अशा तापमानाला तिला बराच वेळ थोपवून धरतात आणि मग अत्यंत सावकाश खाली आणतात. हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, वेळ चौपट. जाडी दहापट, वेळ शंभरपट. पालोमार दुर्बिणीच्या आरशासाठी अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं १९३४ मध्ये जी २०० इंची चकती ओतली, ती थंड व्हायला सुमारे दहा महिने लागले होते. तुमच्या हातातल्या फोनवरची काच कदाचित याच कंपनीची असेल, आणि कॉर्निंग गावातल्या काच संग्रहालयात लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांची शिल्पंही आहेत.

मी रोज ज्या यंत्रांवर काम करतो तिथे सगळी धडपड उत्तर लवकर मिळवण्याची असते. कोड चालवा, चुकला तर दुरुस्त करा, पुन्हा चालवा. दिवसात पन्नास वेळा. मोठ्या ओतीव काचेत असा प्रयत्न वर्षाला दोन-चार वेळाच करता येतो, आणि तो फसला की सगळं पहिल्यापासून. याचा परिणाम आकारावर होतो असं मला वाटतं. त्यांच्या शिल्पांत ऐन वेळचं काहीच नाही. झटका नाही, योगायोग नाही, फुंकलेल्या काचेतली ती ओली चंचलता नाही. प्रत्येक आकार आधी कागदावर, मग मातीत, असा दोनदा ठरवून मगच भट्टीत गेलेला आहे. काहींना हे जड वाटेल. मला त्यात भरवसा दिसतो. करणाऱ्यानं महिनोन्‌महिने वाट बघण्याइतका एखादा आकार खरा मानला होता, हे त्या शिल्पासमोर कळतं.

गोठलेल्या नदीवरचे बूट

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. लिबेन्स्की तेव्हा प्रागच्या उपयोजित कला अकादमीत काच विभागाचे प्राध्यापक होते. १९६३ ते १९८७ अशी चोवीस वर्षं त्यांनी तिथे शिकवलं. १९७० च्या ओसाका प्रदर्शनासाठी या दोघांना देशातर्फे मोठं काम करायचं होतं. त्यांनी वीस मीटरहून लांब काचेची नदी केली, 'जीवनाची नदी'. तिचं पाणी पुढे गोठत जातं, आणि त्या बर्फावर लष्करी बुटांचे ठसे उमटलेले होते. आपल्या देशात काय झालंय ते त्यांनी सरकारी खर्चानं, सरकारी दालनात, जगासमोर मांडलं. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं आणि ठसे काढून टाकायला लावले गेले. दोघांना पुढे त्याची शिक्षाही झाली. पक्षातून हकालपट्टी झाली, परदेश प्रवासावर बंधनं आली.

ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगायचा मोह होतो. मला त्यातला वेगळा धागा महत्त्वाचा वाटतो. त्या राजवटीत अमूर्त चित्रकार आणि शिल्पकारांवर बारीक नजर असे. काच मात्र 'उपयोजित कला' होती, म्हणजे सजावट, भांडीकुंडी, निर्यातीचा माल. म्हणून काचेत अमूर्त काम करायला बरीच मोकळीक मिळाली. कलेच्या उतरंडीत काचेला खालची पायरी दिली होती आणि तिथेच जागा सापडली. आपल्याकडे कुंभार, बुरुड, ओतारी यांच्या कामाला 'हस्तकला' म्हणून बाजूला काढतात आणि कलासमीक्षा त्यांच्याकडे वळतही नाही. त्या दुर्लक्षानं नुकसान होतं हे खरं. पण जिथे कुणी बघत नाही तिथे काय काय घडू शकतं, हे या दोघांनी दाखवलं.

आणि जेव्हा त्यांनी उघड विधान केलं तेव्हा ते पुसता आलं, कारण ते पृष्ठभागावर होतं. ठसा घासून काढता येतो, जाडी घासून काढता येत नाही. नंतरच्या वर्षांत त्यांचं काम अधिकाधिक आत वळलं, यात मला ओसाकाचा धडा दिसतो. तसं त्यांनी कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही, हे माझं वाचन आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पुनरावृत्तीचा. घन, गोल, पिरॅमिड, चौकट, डोकं. हेच आकार चार दशकं फिरून फिरून येतात. नव्वदीच्या दशकातली काही मोठी कामं मला सूत्रबद्ध वाटतात: घ्या भौमितिक आकार, आत एक छेद, कडेला उजेड. पश्चिमेचा बाजार खुला झाल्यावर मागणी वाढली आणि त्याचा हा परिणाम असावा. पण लिबेन्स्कींच्या अखेरच्या, आजारपणातल्या वर्षांत काहीतरी पुन्हा सैल झालं. 'देवदूताचा ठसा'सारख्या कामांत काच इतकी गडद होते की उजेड जेमतेम आत शिरतो. पंचेचाळीस वर्षं उजेड कसा आणायचा याचा अभ्यास केलेली माणसं शेवटी तो किती कमी पुरतो ते बघत होती.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. ब्रिख्तोव्हांना श्रेय मिळालं हे मी मघाशी कौतुकानं सांगितलं. पण साचे भरणारे, भट्टी सांभाळणारे, आठवडेच्या आठवडे काच घासणारे कामगार? अशा आकाराचं काम चार हातांचं नसतं. त्यांची नावं शिल्पाखालच्या पाटीवर नसतात. चिहुलीचंही तसंच. १९७६ च्या अपघातात एक डोळा गेला, काही वर्षांनी खांदा निखळला, आणि तेव्हापासून त्याची काच त्याचा चमू फुंकतो. स्टुडिओ ग्लास म्हणजे एकटा कलावंत आणि त्याची भट्टी, ही कल्पना तिच्या सर्वांत यशस्वी लोकांनाच लागू पडत नाही.

भद्रावतीत काय आहे

आमच्याकडे असं काही का झालं नाही, हा प्रश्न म्हणूनच 'आमच्याकडे तसा कलावंत का जन्मला नाही' असा विचारून उपयोग नाही. झेलेझ्नी ब्रोदमध्ये आधी शाळा होती, मग कारखाना, त्या कारखान्यात प्रयोगाला जागा देणारा विभाग, आणि मग हे दोघं. तळेगावला १९०८ मध्ये शाळेसारखा कारखाना आपल्याकडेही होता. पण तिथून निघालेला रस्ता मालाकडे गेला: कंदील, चिमण्या, बाटल्या. परदेशी मालाशी झुंजणाऱ्या देशाला तेच हवं होतं आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त या प्रवासात काचेशी खेळून बघायला सवड देणारी जागा तयार झाली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात अशी जागा तयार झाली ती मातीसाठी. पन्नासच्या दशकात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा केला. आसपास चांगली माती, जवळच कोळसा, आणि गावच्या कुंभाराला चाक-भट्टीच्या पुढचं तंत्र शिकवायची गांधीवादी जिद्द. बाहेरून शिकायला लोक तिथे आले. आता ब्रिख्तोव्हांच्या कामाची यादी पुन्हा बघा: माती घडवणं, साचा करणं, भट्टी लावणं, तापमान सांभाळणं. यातलं जवळपास सगळं मातीकाम करणाऱ्याच्या हातात आधीपासून असतं. फुंकलेल्या काचेसारखी दिवसरात्र पेटती भट्टी ओतीव काचेला लागत नाही. लागते ती हळू थंड करता येणारी भट्टी, तापमान मोजणारा थर्मोकपल आणि वेळापत्रक पाळणारा कंट्रोलर. तो कंट्रोलर प्रोग्राम करणं हे माझ्यासारख्यांचं काम.

अडचणी आहेत. भंगारातल्या बाटल्या गोळा करून वितळवल्या आणि झालं, असं होत नाही. वेगवेगळ्या काचा वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात, त्या एकत्र ओतल्या तर जोडाशीच फुटतात. एकाच जातीची काच निवडावी लागते. वीजही लागते, भरपूर आणि न जाणारी. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र ज्या शहराच्या उशाला आहे, तिथल्या माणसाला ही अट ऐकून हसू येईल. कोळसा इथला, धूर इथला, राख इथली, आणि वीज जाते दूरवर. उष्णता निर्माण करणं हा आमच्या जिल्ह्याचा मुख्य उद्योग आहे. त्या उष्णतेतला अगदी थोडा भाग, काही आठवड्यांपुरता, एका बंद भट्टीत सावकाश उतरू देणं ही मागणी फार मोठी नाही.

लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांची नक्कल इथे करावी असं मला म्हणायचं नाही. बोहेमियाचा उजेड वेगळा, तिरपा आणि मवाळ. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी ऊन सरळ डोक्यावर येतं आणि सगळे रंग धुऊन टाकतं. त्या उन्हात पाच सेंटिमीटर हिरवी काच कशी दिसेल, ताडोब्यातल्या बांबूच्या बेटाखालच्या सावलीसारखी की तलावाच्या तळासारखी, हे झेलेझ्नी ब्रोदमधल्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. ते इथल्याच कुणीतरी मातीत हात घालून ठरवायला हवं. तोवर त्यांच्या शिल्पांचे फोटो उघडले तर एकच करा. चकाकीवरून नजर काढा आणि काच कुठे जाड होते ते शोधा. ब्रिख्तोव्हांचा हात तिथे आहे.